आपण घेतला असता का?

गेल्या वर्षीच्या रमजानमध्ये आम्ही घरातला जुना कॉम्प्युटर सदका म्हणून दिला. २०१३ साली थोरल्या मुलाच्या डिप्लोमासाठी घेतलेला. तो शिकला, नोकरीला लागला, लॅपटॉप घेऊन पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर कोपऱ्यात राहिला. सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं लागायची. जयसिंगपूरला आमच्या नात्यातल्या एक आपा राहतात. शौहरच्या इंतकालानंतर शिवणकाम करून घर चालवतात. मुलगी अकरावीत. तिला उपयोगी पडेल म्हणून आम्ही तो वरून पुसला, चादरीत गुंडाळला आणि मिरजेहून नेऊन दिला. परत येताना फार समाधान वाटलं. खरं सांगायचं तर त्या समाधानात घरातली अडगळ गेल्याचा आनंदही होता.

बकरी ईदला त्यांच्याकडे गेलो. कॉम्प्युटर त्याच चादरीखाली होता, वर कापडाच्या चिंध्यांची पिशवी ठेवलेली.

"चांगला आहे की. वापरते ती," आपा म्हणाल्या.

मुलगी पटकन बोलून गेली, "मामू, तो दोनच दिवस चालला. दुकानात दाखवायला तीनशे रुपये गेले."

आपांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि चहाचे कप पुढे सरकवले. दुसऱ्याने दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, या संकोचाने त्या अडीच महिने काही बोलल्या नव्हत्या.

वाटेत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. रात्री सूरह बकराची २६७ वी आयत अनुवादासह पुन्हा वाचली. तिचा आशय असा की, अल्लाहच्या मार्गात देताना निकृष्ट वस्तू निवडू नका. तीच वस्तू कुणी तुम्हाला दिली, तर डोळेझाक केल्याशिवाय तुम्ही ती घेणार नाही. ही आयत आम्ही कितीदा वाचली होती. ती आमच्याविषयी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी कॉम्प्युटर मोटारसायकलवर मांडीवर धरून परत आणला. "राहू दे, उगाच कशाला त्रास?" असं आपा म्हणत राहिल्या. धाकट्या मुलाला आयटीआयमुळे हार्डवेअरची थोडी माहिती आहे. त्याने वायर काढली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि डब्याचं झाकण उघडलं. आत राखाडी धुळीची गोधडीच होती. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पाकळ्या दिसत नव्हत्या. प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. उष्णता बाहेर पडत नव्हती, म्हणून प्रोसेसर जळू नये यासाठी मशीन आपोआप बंद पडत होतं.

पाटावरचं नाण्याएवढं बटण-सेलही संपलं होतं. या सेलवर घड्याळ चालतं. ते संपलं की प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यामुळेच अडला होता. हार्ड डिस्कही जागोजागी खराब झालेली. तिच्यात चकती फिरते, त्यामुळे ती कालांतराने झिजते. जागी एसएसडी बसवली की फिरणारा भागच राहत नाही आणि जुनं मशीनही चपळ होतं.

हिशेब असा झाला: २४० जीबीची एसएसडी १४५० रुपये, जुन्या बाजारातली ४ जीबी रॅम ५०० रुपये, पेस्ट १२० रुपये, सेल ४० रुपये. एकूण २११० रुपये. धूळ काढायला रंगाचा मऊ ब्रश पुरला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबणार हे जाहीर झालं होतं आणि विंडोज ११ च्या अटींत हे मशीन बसत नव्हतं. म्हणून मुलाने लिनक्स मिंट घातलं. ते विनामूल्य आहे, त्यात मराठी टाइप करता येतं आणि पत्र, तक्ता बनवायला लिब्रेऑफिस सोबतच येतं. आता मशीन मिनिटभरात सुरू होतं.

जुनी डिस्क तपासताना आणखी एक गोष्ट कळली आणि आम्ही हादरलो. आमची आधार-पॅनची चित्रं, बँकेचे कागद, घरातल्या बायकांचे निकाहातले फोटो, सगळं त्यात तसंच होतं. फाइल पुसली की फक्त तिची नोंद जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर डिस्कवर राहतो. आपांऐवजी तो भंगारात गेला असता तर? घरच्यांची अब्रू हीसुद्धा अमानतच आहे. फोटो काढून घेतल्यावर ती डिस्क आम्ही हातोड्याने निकामी केली.

शेजारचे चाचा म्हणाले, "एवढ्या खटपटीपेक्षा पैसे घालून नवा द्यायचा." जमत असेल तर जरूर द्यावा. पण हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) घरी स्वतःची पादत्राणं सांधत, कपडे शिवत. दुरुस्तीत कमीपणा नाही. शिवाय टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्याच्या पाव हिश्श्याचाही नीट पुनर्वापर झाल्याची नोंद नाही. उरलेल्यातलं बरंचसं कुणीतरी गरीबच उघड्यावर जाळून त्यातलं तांबं काढतो आणि तो धूर त्याची मुलं घेतात.

दुरुस्तीलाही मर्यादा आहे. वीजपुरवठ्याचा डबा आणि जुना काचेचा जाड मॉनिटर घरी उघडू नये; वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नये, चार्जिंगला लावू नये. अशा वस्तू नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्याव्यात. मोहल्ल्यातून नंतर आमच्याकडे आणखी तीन कॉम्प्युटर आले. दोन चालू झाले. तिसऱ्याचा पाट जळला होता. "हा देण्यासारखा नाही," असं आम्ही मालकाला सरळ सांगितलं.

आता घरात एक नियम केला आहे. द्यायचं मशीन आधी पंधरा दिवस आम्ही स्वतः वापरतो. वीजबिल त्यावर भरतो, मुलांचा अभ्यास त्यावर होतो. आम्हाला चाललं, तरच ते दाराबाहेर जातं.

आपांचा कॉम्प्युटर पंधरा दिवसांनी परत नेऊन दिला. सोबत दुकानात गेलेले तीनशे रुपयेही ठेवले. आपा पैसे घेईनात. "हे आमचंच देणं होतं," म्हटल्यावर त्यांनी ते मुलीच्या हातात दिले.

परवा मुलीचा फोन आला. "मामू, यात अम्मीच्या शिलाईचा हिशेब ठेवायचा तक्ता कसा करायचा?" धाकटा तासभर तिला समजावत होता. मागून आपांचा आवाज येत होता, "त्याला विचार, मागची उधारीपण यात लिहिता येते का?"