संरचना आणि लांबी

‘संरचना’ हा शब्द साहित्याच्या वर्गात आम्ही इतक्या सहजपणे वापरतो की त्याचे मूळचे वजन जाणवेनासे झाले आहे. कवितेची संरचना, कादंबरीची संरचना, समाजाची संरचना. हाच शब्द ‘भार वाहणारी गोष्ट’ या साध्या अर्थाने आमच्यापुढे आला तो वरळी कोळीवाड्यात, एका जुन्या फायबरच्या होडीच्या दुरुस्तीच्या निमित्ताने.

फायबरची होडी कशी घडते, हे लालबाग-परळच्या माणसाला समजावणे अवघड नाही. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती निघते, तशीच ही होडीही साच्यातून निघते. साच्याला आधी जेलकोटचा गुळगुळीत, रंगीत थर देतात. मग त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थर एकावर एक बसवतात. म्हणजे कांती आधी तयार होते आणि ताकद मागाहून, आतल्या बाजूने येते. लाकडी जहाजाचे गणित वेगळे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. कुजलेली फळी काढून दुसरी बसवता येते, हे त्या दीर्घायुष्याचे एक कारण. फायबरला फळ्याच नसतात. कवच एकसंध असल्यामुळे भार सगळीकडून वाहतो आणि इजा नेमकी कोठे संपते, ते डोळ्यांना दिसत नाही.

आम्ही पाहिलेल्या होडीच्या नाळेपासून हातभर अंतरावर केसासारखी एक चीर होती, एवढेच. कारागीर लहान हातोडीने ठोकत पुढे सरकत होता. धड भागाचा आवाज खणखणीत येई. चिरेजवळ तो बद्द झाला. बद्द आवाज म्हणजे आतले थर एकमेकांपासून सुटले आहेत. त्याने खडूने हद्द आखली, तेव्हा बोटभर चिरेभोवती ताटाएवढे वर्तुळ उमटले. मग तो आत उतरला. तळाला बळकटी देणाऱ्या पट्ट्यांत फायबरखाली लाकूड असते. तेथे पाणी झिरपले तर वरचे आवरण शाबूत राहून आतला गाभा कुजतो.

खरी दुरुस्ती तोडण्यापासून सुरू होते. सुटलेले थर कापायचेच, पण भोवतालचा धडधाकट भागही उतरता घासायचा, आणि हा उतार जाडीच्या सुमारे बारापट रुंद ठेवायचा. दहा मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूने बारा सेंटिमीटर. कारण कडक झालेल्या जुन्या रेझिनशी नवे रेझिन एकजीव होत नाही, ते केवळ चिकटते. म्हणून चिकटायला ऐसपैस जागा लागते. याउलट चिरेत लांबी भरून वर रंग मारला, तर एका दिवसात होडी नवी दिसते. लांबी फट बुजवते, भार पेलत नाही.

नाखव्याला हे ठाऊक नसते असे नव्हे. त्याची अडचण दिवसांची असते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा दुरुस्तीला सवड मिळते. पण रेझिनच्या कामाला कोरडेपणा हवा, आणि ओल्या कवचावर बसवलेला थर पुढे सुटतो. ताडपत्री बांधून, उघडीप पाहून काम करावे लागते. उन्हाळ्यातच करावे, तर कमाईचे दिवस बुडतात.

या किनाऱ्यावर टक्कर ही काल्पनिक भीतीही नाही. किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्यांची वाट जाते. खांबांमधील ६० मीटरचे अंतर अपुरे आहे, उधाणात होड्या खांबांवर आदळतील, या मुद्द्यावर कोळीवाडा झगडला. २०२२च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले.

अशी होडी मोडीत काढावी, तर लाकडासारखे तिचे सरपण होत नाही आणि ती कुजून मातीलाही मिळत नाही. दुरुस्त करावी, तर रंग चढल्यावर नीट सांधलेली होडी आणि लांबी भरलेली होडी किनाऱ्यावर सारख्याच दिसतात. फरक कळतो तो उधाणात, जमीन दिसेनाशी झाल्यावर, आणि तो आत बसलेल्यांनाच कळतो. वर्गात ‘संरचना’ म्हणताना, तिच्यावर भार कोणाचा आहे, हा प्रश्न आता आम्ही आधी विचारतो.