शेवटची विरार सोडून

बोळिंज नाक्यावर शनिवारी सकाळी थोडा वेळ उभं राहिलं की सुट्टीची दिशा कळते. विरार स्टेशनकडून भरून आलेल्या रिक्षा आगाशीच्या अंगानं निघतात आणि पुढं अर्नाळ्याला, राजोडीला, नवापूरला पांगतात. आत दाटीवाटीनं बसलेली मुंबईची माणसं, मांडीवर कपड्यांच्या पिशव्या, पोरांच्या हातात चेंडू. त्यांना आमचा समुद्र हवा असतो, सुरूची सावली हवी असते, केळीच्या वाड्यांमधून वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता हवा असतो. आणि आम्हांला दोन दिवसांची सुट्टी मिळाली की ओढ लागते ती त्यांनी मागं टाकलेल्या शहराची. यात नवल काहीच नाही. किनारा आमच्या दारातच आहे. दूर आहे ती मुंबई, आणि रोज जाऊनही ती दूरच राहिली आहे.

चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटरचं. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. सकाळी शहराकडे एक गाडी, संध्याकाळी परतीची एक. आज बोळिंजच्या वाड्या-बावखलांशेजारी म्हाडाचे मनोरे उभे आहेत, गाड्यांचीही गणती राहिलेली नाही, पण त्या पहिल्या गाडीनं घालून दिलेली रीत तशीच आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. शहर आम्हांला भेटतं ते कामापुरतं आणि वेळापत्रकात बसेल तेवढंच.

फोर्टातल्या कचेरीतून सुटून ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेनं चर्चगेट गाठताना माझी मान आपोआप मागं वळते ती राजाबाई टॉवरकडे. प्रेमचंद रायचंदांनी आपल्या आईच्या नावानं दिलेल्या देणगीतून हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्याच्या कमानींत, कोरीव कामात नजर हरवून जावी असं किती आहे! पण संध्याकाळी त्याचे काटेच तेवढे दिसतात. फास्ट मिळणार की स्लोनं जावं लागणार? कधी मैत्रिणींबरोबर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसले, तरी अंधार पडताच चुळबुळ सुरू होते. समोर राणीचा रत्नहार उजळत असतो आणि मनात शेवटची विरार निघून जात असते.

म्हणून या थंडीत घरात ठरलं: मुंबईत जायचं आणि त्या रात्री परतायचं नाही.

पूर्वी मुंबईत मुक्काम म्हणजे नातेवाइकांकडे. गिरगावातल्या दोन खोल्यांत कुणी मामा, कुणी आत्या असायचीच. गॅलरीत गाद्या पडायच्या आणि सकाळी नळाला रांग लागायची. ती सगळी माणसं आता विरार-नालासोपाऱ्यात, डोंबिवलीत आली. शहरात आमचं हक्काचं पाठ टेकायचं ठिकाण राहिलं नाही. आता चर्चगेटजवळच्या एका साध्या गेस्ट हाऊसात एका रात्रीची खोली घ्यायची. लिफ्ट आहे का, हा पहिला प्रश्न, कारण आईचे गुडघे. तिच्या गुडघ्यांवरूनच सगळा बेत आखायचा, हे मी मनाशी पक्कं केलं.

जेवणानंतर वही घेऊन बसलो, तेव्हा प्रत्येकाची मुंबई वेगळी निघाली. लेकीला राणीच्या बागेतले पेंग्विन हवे होते. नवऱ्याला रविवारी सकाळी ओव्हलवरचं क्रिकेट बघत नुसतं बसायचं होतं. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला काही दाखवू नका गं. गिरगावात नेऊन सोडा, नुसती फिरेन." तिचं बालपण तिथल्या चाळीत गेलेलं. ती चाळ आता नाही, हे तिला ठाऊक आहे. तरीही तिला त्या रस्त्यानं चालायचं आहे, आणि त्या चालण्याला बेतात सगळ्यांत मोकळी जागा द्यायची आहे.

घारापुरीचं नाव निघालं आणि मागं पडलं. होडीचा तासाभराचा प्रवास, वर पायऱ्या. पण त्या बेटाला पोर्तुगीजांकडून ज्याच्यामुळं एलिफंटा हे नाव मिळालं, तो दगडी हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, राणीच्या बागेला लागूनच उभा आहे. १८७२ साली खुल्या झालेल्या त्या संग्रहालयात जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, धंद्यांच्या छोट्या छोट्या प्रतिकृती आहेत. लेक काचेला नाक लावून बघेल. तेव्हा शनिवार ठरला: दादरला उतरून मध्य रेल्वेनं भायखळा, पेंग्विन, हत्ती, मग दुपारी खोलीवर पाठ टेकायची. संध्याकाळ मरीन ड्राइव्हला. त्या रकान्यात वेळ लिहिलीच नाही.

रविवारचा जम्बो ब्लॉक आदल्या दिवशी बघायचा, हे मात्र ठळक अक्षरांत लिहिलं.

माझी मागणी मी शेवटी सांगितली. रविवारी सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं. मला तिथला आमच्या इकडचा, अशोकाच्या लेखाचा दगड बघायचा आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली आणि आत स्तूप निघाला. त्यातला दगडी करंडक, सोन्याची फुलं, ब्राँझच्या आठ मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच सापडला; नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावच्या किनाऱ्यावर मिळाला. काळसर दगड, त्यावर ब्राह्मीच्या सरळ, बारीक रेघा. कुठं काना, कुठं गोल, कुठं फुली. कुणाच्या तरी छिन्नीनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे इथं, आमच्या खाडीच्या तोंडाशी कोरलं, कारण तेव्हा गलबतं इथं लागत होती आणि वाचणारी माणसं इथं उतरत होती. त्या काळी सोपारा हे मोठं शहर होतं.

नवव्या लेखात अशोक सांगतो की माणसं आजारपणात, लग्नात, मूल जन्मताना आणि प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. ते जरूर करावेत, पण त्यांचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगल म्हणजे घरच्या राबणाऱ्या माणसांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जिवांवर दया करणं. वहीतलं पान पुन्हा वाचताना मला हे आठवलं. प्रवासाला निघण्याआधी घरात चाललेला हा खल, ही यादी, ही वेळांची जुळवाजुळव हाही मंगलविधीच. त्याचं मोल किती ठिकाणं पाहिली यावर ठरायचं नाही. आईला चालायला पुरेसा वेळ मिळाला का, लेकीच्या प्रश्नांना कुणी घाईत उत्तर दिलं का, गेस्ट हाऊसात चहा आणून देणाऱ्या पोराशी आपण दोन शब्द नीट बोललो का, यावर ते ठरेल.

म्हणून मी माझ्या हातानं बेतातल्या निम्म्या गोष्टी खोडल्या. काळा घोडा गेला, खरेदी गेली, जेवायला ठरलेलं नामांकित हॉटेलही गेलं. गिरगावात भूक लागेल तिथं बसू. मोठं शहर दोन दिवसांत पाहून होत नाही. पण दोन दिवस त्याच्यात घाईशिवाय राहता येतं, आणि रोज तिथं राबणाऱ्यांना नेमकी तीच गोष्ट मिळत नाही. आमच्या विरार-नालासोपाऱ्यातल्या प्रत्येक घरानं वर्षातून एक रात्र तरी मुंबईत काढावी, असं मला मनापासून वाटतं. आपल्या घामावर चालणारं शहर आपल्याला रात्रीचंही माहीत असावं.

रविवारी दुपारी चर्नी रोडहून गाडी धरायची. वहीतल्या पानाखाली लेकीनं आपल्या अक्षरात पुढच्या रविवारचं ठिकाणही लिहून टाकलं आहे: बुरुड राजाचा कोट, रिक्षानं.