शेपटीतील शिदोरी

पालीला आपल्या घरांत फारसा मान नाही. ती भिंतीवर चुकचुकली की वडीलधारी माणसे बोलता बोलता थांबतात. अंगावर पडली तर तडक स्नानाला जातात. मनात संशय आला, तरी शंकेची पाल चुकचुकली असेच आपण म्हणतो! असे असता, पालीचे वजन दोन ग्रॅमांनी वाढले म्हणून आनंदाने नाचणारी मुले जगात आहेत, हे कोणाला खरे वाटेल?

अशी मुले इंग्लंड-अमेरिकेतील घरांतून आढळतात. त्यांच्या पालीचे नाव लेपर्ड गेको. अंग पिवळसर आणि त्यावर बिबट्यासारखे काळे ठिपके. तिचे मूळ घर मात्र आपल्याच बाजूचे, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील खडकाळ मुलुखाचे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची एक बहीण महाराष्ट्रातही राहते. बिचारी दिसताच विषारी म्हणून ठेचली जाते. वास्तविक तिच्या अंगी विष मुळीच नाही. तिला कोणी धरून आणू नये, तिच्या रानातच सुखाने राहू द्यावे.

ही पाल भिंतीवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. तिला पापण्या असतात, त्यामुळे ती डोळे मिटून झोपते. पण तिचे खरे वैशिष्ट्य शेपटीत. वाटसरू दशम्यांची शिदोरी बांधून घेतो, तशी ही चरबीची शिदोरी शेपटीत साठवून हिंडते. धडधाकट पालीची शेपटी साधारण मानेइतकी जाड असते. ती काडीसारखी सुकली की समजावे, शिदोरी संपत आली.

अशा वेळी घरच्यांना पहिली बुद्धी होते ती अधिक खाऊ घालण्याची. ही माया खरी, पण आंधळी. चूल पेटलेली नसताना तांदूळ कितीही वैरले, तरी भात होईल काय? पालीचे शरीर आपल्या शरीरासारखी पुरेशी ऊब स्वतः निर्माण करीत नाही. अंगाला बाहेरची ऊब मिळाली, तरच तिला अन्न पचते. म्हणून आधी तिच्या काचेच्या पेटीत तापमापक ठेवून पाहतात. एका टोकाची फरशी सुमारे ३२ अंश सेल्सिअस उबदार हवी आणि दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास थंड. पुष्कळदा सारे दुखणे एवढ्यातच सापडते.

तेथे न सापडल्यास शोध पुढे चालतो. पेटीतील दांडगी सोबतीण घास पळवते काय? पोटात वाळू गेली आहे काय? विष्ठा तपासण्यासाठी पशुवैद्याकडे नेतात, कारण आतड्यात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी तर इतका चिवट, की त्याच्यापुढे वैद्यही कधी कधी हात टेकतात.

मग येते जेवण. रातकिडे आणि पिठातल्या अळ्या हा नेहमीचा आहार. किडा पालीच्या दोन डोळ्यांतील अंतराहून मोठा नसावा. गंमत अशी, की आदल्या दिवशी त्या किड्यांनाच पालेभाज्या खाऊ घालतात आणि वर कॅल्शियमची भुकटी लावतात. उपाशी किडा म्हणजे रिकामी करंजी! मेणकिड्याच्या अळ्या फार स्निग्ध. दुबळ्या पालीला त्या थोड्या देतात, पण जास्त दिल्या तर लाडावलेल्या मुलाप्रमाणे ती दुसऱ्या अन्नाकडे पाहत नाही. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीतून काढावेच लागतात. नाही तर तेच तिला चावतात.

आठवड्यातून एकदा तिला वाटीत बसवून स्वयंपाकघरातील लहान काट्यावर तोलतात. वहीत आकडे पडत जातात : ३१, ३१, ३०. त्या तिसऱ्या आकड्याशी मुलाचा चेहरा उतरतो. अन्न कोंबून भरवावे असे वाटते, पण वैद्याने सांगितल्याशिवाय तसे करायचे नसते. चौथ्या आठवड्यात ३२. पुढे काही महिन्यांनी शेपटीच्या सुरकुत्या हळूहळू भरू लागतात. ती मानेइतकी जाड झाली, की मेणकिड्यांचा खाऊ बंद होतो. पाल त्या वाटीपाशी रोज संध्याकाळी वाट पाहत बसली, तरीही.