मनोरा नसलेलं चर्च

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, शार्प्सबर्ग गावाबाहेर अँटिएटमची रणभूमी आहे. तिथल्या पर्यटक केंद्रासमोरचा रस्ता ओलांडला की एक पांढरी, बसकी इमारत लागते. मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. १८६२ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, इथे लढलेल्या कित्येक सैनिकांना ती शाळाच वाटली होती.

हे डंकर चर्च. मनोरा म्हणजे मिरवणं, असं ते बांधणाऱ्या ब्रेदरन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं मत. आतही लाकडी बाकं आणि एक मेज एवढंच. उपदेशकाला वेगळा चौथरा नाही.

या पंथाचं मूळ जर्मनीत. १७०८ साली श्वार्झेनाऊ इथे अलेक्झांडर माक नावाच्या गिरणीवाल्यासह आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. तो माणसाने जाणतेपणी घ्यायचा, वाहत्या पाण्यात तीनदा पुढे झुकून बुडी मारून. असा दुसरा बाप्तिस्मा त्या काळी कायद्याने गुन्हा होता. १७१९पासून ही मंडळी पेनसिल्व्हेनियात येऊ लागली आणि तिथून मेरीलँडमध्ये पसरली. पाण्यात बुडवतात म्हणून लोक त्यांना ‘डंकर’ म्हणत. शपथ घ्यायची नाही, गुलाम ठेवायचे नाहीत, शस्त्र उचलायचं नाही, हे त्यांचे नियम. प्रीतिभोजनाच्या दिवशी एकमेकांचे पाय धुवायचे, एकत्र जेवायचं, मग प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. मला त्यातलं पाय धुणं सर्वांत अवघड वाटतं. शेजाऱ्याशी अबोला धरून ते कसं जमणार?

सॅम्युएल ममा या शेतकऱ्याने दिलेल्या जागेवर १८५३च्या सुमारास हे चर्च उभं राहिलं. १४ सप्टेंबर १८६२च्या रविवारी उपासना चालू असताना जवळच्या साउथ माउंटन डोंगरावरच्या लढाईतल्या तोफा इथे ऐकू येत होत्या. तीन दिवसांनी युद्ध दारात आलं. उंचवट्यावरची पांढरी इमारत उत्तरेकडच्या फौजेला दुरून दिसणारी खूणच झाली. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ममाचं घर दक्षिणेच्या सैनिकांनी जाळलं. आग शत्रूने लावली, म्हणून सरकारकडून त्याला भरपाईही मिळाली नाही.

चर्चमधलं बायबल न्यूयॉर्कच्या एका सार्जंटने उचलून नेलं. ते १९०३ साली परत आलं, जॉन लुईस यांच्यामार्फत. लुईस कृष्णवर्णीय, मेरीलँडमध्ये स्वतंत्र जन्मलेले, स्वतः डंकर, आणि मार्क ट्वेनचे स्नेही. इथला मला सर्वांत आवडलेला माणूस हाच, पण तोफांच्या नळ्यांपुढे फोटो काढणाऱ्यांना त्याचं नाव क्वचितच ठाऊक असतं.

मूळ इमारत १९२१च्या वादळात कोसळली. आजची १९६२ साली जुन्याच पायावर बांधलेली.

आपल्याकडचा धागाही आहे. याच पंथाचे मिशनरी १८९४ साली भारताकडे निघाले. आधी बलसाड, मग डहाणू, पालघरपर्यंत त्यांचं काम पोचलं. १९७०मध्ये इथली ब्रेदरन मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली.

अँटिएटमला दर सप्टेंबरात ब्रेदरन लोक या चर्चमध्ये उपासनेला जमतात. जमलं तर त्याच सुमारास जा, आणि तोफा पाहण्याआधी आत जाऊन थोडा वेळ बाकावर बसा.