अस्तराची साक्ष

फॅशनच्या दुनियेत घडणाऱ्या खुनाचा टीव्हीवरचा भाग बहुधा ठरलेल्या वाटेनं जातो. रॅम्पवर दिवे, मागच्या खोलीत मॉडेलचा मृतदेह, मग दोन डिझायनरांचं जुनं वैर, चोरलेलं डिझाइन, कुणाचं तरी लपवलेलं प्रकरण. तपास करणारे मोबाइल उघडतात, ग्लासवरचे ठसे घेतात, विषाचा अहवाल मागवतात. ज्या कपड्यासाठी हा सगळा खटाटोप मांडलाय, तो मात्र उलटून कुणी बघत नाही. कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावात शिलाई मशीनवर बसणाऱ्याला हे खटकतंच. खुनाची जागा फॅशनची निवडायची आणि उलगडा मात्र बँकेत किंवा साखर कारखान्यातही चालला असता असा करायचा, हा लेखकाचा शुद्ध आळस. अशा कथेतला पुरावा शिवणीतूनच निघाला पाहिजे असं माझं म्हणणं आहे, आणि शिवणीत त्यासाठी भरपूर माल असतो.

एखादा ब्लाउज उलटा करून बगलेखालची शिवण बघा. जाणता टेलर तिथं इंचभर कापड आत सोडून ठेवतो, कारण अंग भरलं की तोच ब्लाउज पुन्हा दुकानात येणार असतो. तो उसवून ढिला केला की जुन्या शिवणीच्या बाजूनं गडद पट्टी उघडी पडते. बाहेरचं कापड धुण्यानं, उन्हानं विटलेलं; आत दडलेलं मात्र ठाणातून आलं तेव्हाच्या रंगाचं. त्या पट्टीवरून तारीख कळत नाही, पण क्रम कळतो: आधी शिवलं, मग बरेचदा धुतलं, मग वाढवलं. ‘हा ड्रेस कालच शोसाठी शिवून घेतला’ असं सांगणारा संशयित तिथंच खोटा पडतो. मग दोरा बघा. सवडीनं शिवणारा वरचा आणि बॉबिनचा दोरा एका रंगाचा लावतो. घाईत दुरुस्ती करणारा वरचा तेवढा जुळवतो. बॉबिनला आधीच्या गिऱ्हाइकाचा पांढरा तसाच राहतो, आणि तो आतल्या बाजूला ढळढळीत दिसतो. खुन्यानं शहाणपणा करून शिवण उसवून टाकली तरी सॅटिनवर सुईची भोकं बुजत नाहीत. सुती कापड धुतलं की बरीचशी भोकं मिटवून घेतं, पण रॅम्पवर झगमगणाऱ्यांत सुती घालतं कोण म्हणा!

वेशभूषा आणि खून यांची गाठ आपल्याच मुलखातल्या एका बाईंच्या कारकिर्दीत अगदी सुरुवातीला पडली होती. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या आधी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या, आणि सिनेमात आल्या त्या 1956च्या ‘सी.आय.डी.’मधून; म्हणजे एका संपादकाच्या खुनाच्या कथेतून. वहीदा रहमान यांचाही तो पहिला हिंदी सिनेमा. नव्या नटीनं करारातच अट घालून घेतली होती, की पसंत नसलेले कपडे मी घालणार नाही. आणि या सिनेमात एका ब्लाउजवरून ती अट वापरलीही. तो मुख्यतः संकोचाचा प्रश्न होता, हे मान्य. तरी मला त्यात रहस्यकथेचंही हित दिसतं. वहीदा यांची कामिनी नेमकी कोणाच्या बाजूची, हे प्रेक्षकाला उशिरा कळावं अशी ती भूमिका आहे. तिला नखशिखान्त खलनायिकेसारखं सजवलं असतं तर कपड्यानंच चहाडी केली असती.

यावर पहिला आक्षेप न्यायालयाच्या बाजूनं येईल. टेलरनं सांगितलं म्हणून कुणी फासावर जाणार का? जाऊ नयेच. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्ये तज्ज्ञाच्या मताला जागा आहे, पण मत म्हणजे शाबिती नाही. ‘टाका तिरका पडलाय, म्हणजे खुनी डावखुरा’ असली तर्कटं मालिकेनं करू नयेत. मशीनला शिवणाऱ्याचा हात कळत नाही. पण तपासाला दिशा द्यायला कपडा पुरतो. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, तेव्हा स्फोटाच्या जागी सापडलेले हिरव्या-नारिंगी कापडाचे तुकडे आणि मेलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातली हार घेतलेली बाई, यांचा मेळ बसल्यावर मारेकरी कोण ते दिसू लागलं. कमरेचा स्फोटकांचा पट्टा झाकायला तिचा कमीज ढगळ असणं भागच होतं. एरवी ढगळ कपडा म्हणजे चुकलेलं माप, असं टेलर धरून चालतो. तिथं ते माप हेतूनंच चुकवलेलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. आता सगळं रेडिमेड. एकाच मापाचे हजार शर्ट निघतात, त्यात माणूस कुठून शोधायचा? आमच्या धंद्याला हा प्रश्न रोजच पडतो, त्यामुळं त्याला हसून टाळता येत नाही. तरी रेडिमेड शर्ट अंगाला जसाच्या तसा बसतो कुठं? मिरजेहून आणलेल्या शर्टाची बाही दोन बोटं आत घ्यायला तो इथंच येतो, आणि कारखान्याच्या ओव्हरलॉकशेजारी गावच्या मशीनचा साधा टाका पडतो. पुढं तो शर्ट द्राक्षबागेत फवारणीला जातो, मोरचुदाचा निळसर डाग कफवर धरतो. जुना झाला की तोच साडीवरून चढवून घरची बाई बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. मग पुरुषी पट्टीच्या त्या शर्टाला वरचं बटण हरवल्यावर ब्लाउजचा हूक लागतो. अशा शर्टाचा मालक सापडायला कुठला बारकोड लागत नाही. बाही आत घेताना दोरा कुठल्या रंगाचा लावला होता, एवढं बाजारपेठेतल्या चार दुकानांत विचारत फिरलं तरी बरंच कळेल.