भिंतीबाहेरचे रुग्णालय

परळ म्हटले, की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : गिरण्या आणि दवाखाने. गिरण्यांचे भोंगे आमच्या पिढीने ऐकलेच नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यानंतरची वाताहत आम्हांला ठाऊक आहे ती आजोबांच्या तोंडून. दवाखाने मात्र उभे आहेत, आणि वाढत आहेत. महापालिकेचे के. ई. एम. १९२६ पासून, कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून. जवळच वाडियांची मुलांची आणि बाळंतिणींची रुग्णालये. या सगळ्यांच्या मध्ये आमची चाळ.

रुग्णालय वाढते म्हणजे नेमके काय होते? नवी इमारत उठते, खाटा वाढतात, उद्घाटनाची कोनशिला बसते. पण ज्याचा जन्म अशा वस्तीत गेला, त्याला माहीत असते, की रुग्णालय भिंतीच्या आत असते त्याहून पुष्कळ मोठे ते भिंतीबाहेर असते. कर्करोगाचेच पाहा. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस जायचे, तेही कित्येकदा पाच-सहा आठवडे. रसायनोपचाराच्या दोन फेऱ्यांमध्ये दोन-तीन आठवडे जातात. यांतल्या बऱ्याच रुग्णांना रुग्णालयात खाट लागत नाही. सकाळी यायचे, उपचार घ्यायचे आणि परत जायचे. पण परत कुठे? घर नांदेडला, नाही तर बिहारमध्ये. सोबत बायको किंवा भाऊ. मग पदपथावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला जातो, स्टोव्ह पेटतो, आमच्या रस्त्याच्या कठड्यावर धुतलेली लुगडी वाळत पडतात.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा या रुग्णांसाठी आहे. टाटा रुग्णालयाने खारघरला दुसरे मोठे केंद्र उभारले. तरीही परळचा पदपथ मोकळा झालेला नाही.

मे २०२१ मध्ये सरकारने एक पाऊल उचलले. लालबाग-करी रोड भागातल्या पुनर्विकसित इमारतींमधील म्हाडाच्या वाट्याच्या १०० सदनिका रुग्णांच्या नातेवाइकांसाठी टाटा रुग्णालयाला देण्याचे ठरले. चाव्याही दिल्या गेल्या. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली. जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली, आणि लगेच बॉम्बे डाइंगच्या जागेवरील १०० सदनिका देण्याची घोषणा झाली. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून आले. एका बाजूला निर्दय रहिवासी, दुसऱ्या बाजूला बेपर्वा सरकार. मला दोन्ही चित्रे अपुरी वाटली. त्याचे कारण माझी आई.

पदपथावरच्या बायका आमच्या दारी येतात. "ताई, पेशंटला जरा पाणी गरम करून देता का?" आईने आजवर कुणाला नाही म्हटलेले मी पाहिले नाही. एका यवतमाळच्या बाईला तर तिने तीन आठवडे रोज सकाळी पेज करून दिली. ती बाई गावी परतताना आईच्या पाया पडली होती. पण त्या जून महिन्यात गॅलरीत या सदनिकांवरून वाद पेटला, तेव्हा आई रहिवाशांच्या बाजूने उभी राहिली. मला धक्काच बसला. मी म्हटले, "आई, तूच असं म्हणतेस?" ती म्हणाली, "अरे, पाणी देणं वेगळं आणि शेजार देणं वेगळं. पाणी मी देते. शेजार मला न विचारता दुसऱ्यानं दिला."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवीत होतो. रहिवाशांच्या बोलण्यात काही भीती अज्ञानाची होती. कर्करोग शेजाऱ्यापासून लागत नाही, हे शिकल्यासवरल्या माणसांनाही सांगावे लागले. पण सगळीच भीती तशी नव्हती. एकाच जिन्यावर दर महिन्याला नवी माणसे येणार. लिफ्ट, पाणी, सफाई यांचा भार वाढणार. काही बिघडले तर जबाबदार कोण? रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे, सदनिका राज्याच्या म्हाडाच्या, पाणी आणि रस्ता महापालिकेचा. रहिवाशाने तक्रार घेऊन कुठल्या दारात उभे राहायचे?

आणि तरीही रुग्णाची बाजू लंगडी ठरत नाही. त्याचा आजार आपल्या बैठकांसाठी थांबत नाही. दूर कुठे तरी स्वस्तात खोली दिली, तर अशक्त माणसाने लोकलच्या गर्दीतून रोज यायचे कसे? जवळची जागा ही त्याची चैन नसून उपचाराचाच भाग आहे. म्हणून 'आमच्या वस्तीत नको' एवढे म्हणून सुटका होत नाही. तो वस्तीत आलेलाच आहे. प्रश्न इतकाच, की तो छपराखाली राहणार की पदपथावर.

तेव्हा माझ्या मते चूक जागेची नव्हती, क्रमाची होती. इमारतीचा नकाशा काढतानाच रुग्णांच्या निवासाचे मजले ठरवावेत. त्यांना वेगळा जिना आणि वेगळी पाण्याची टाकी द्यावी. रुग्णालयाचा एक माणूस तिथे कायम असावा, आणि त्याचे नाव सोसायटीच्या फलकावर असावे. हे सारे घर घेणाऱ्याला सही करण्यापूर्वी कळावे. खर्च थोडा वाढेल. पण माणूस आधी कबूल केलेला भार वर्षानुवर्षे वाहतो. नकळत खांद्यावर टाकलेला भार मात्र झटकून देतो.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी आता सुरू झाली आहेत. पुढच्या सभेत मी हीच सूचना मांडणार आहे : एक मजला रुग्णांसाठी, वरील अटींवर. किती हात वर होतील, सांगता येत नाही. आईला मी ही सूचना वाचून दाखवली. तिने चष्मा काढून विचारले, "जिना वेगळा म्हणतोस, पण त्या मजल्यावर ओटे किती? दहा बायका एका ओट्यावर स्वयंपाक कशा करतील?" सूचनेत मी तेवढी ओळ वाढवली आहे.