दिवा कुणाच्या सोयीने?

रोपांच्या फिशटँकला दिवा किती तास लावायचा, याचं माझं पहिलं उत्तर होतं बारा. पुण्यात दिवस साधारण तेवढाच असतो, हा वरवरचा हिशेब. खरं कारण वेगळं होतं. सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणानंतरही टँक उजळलेला दिसायला हवा होता.

नव्या टँकमधली रोपं आधी मूळ धरतात, तोवर त्यांना फारसा प्रकाश वापरता येत नाही. उरलेला शेवाळाच्या पथ्यावर पडतो. वाळूवर आधी तपकिरी थर आला; तो नव्या टँकमध्ये बहुधा येतोच आणि आपला आपण जातो. मग रोटालाच्या शेंड्यांवर हिरवे केस लोंबायला लागले. रोपं खुरटली म्हणून मी डिमर थेट शंभर टक्क्यांवर नेला. प्रकाश वाढला की रोपांना कार्बन डायऑक्साइड आणि खतही जास्त लागतं, हे वाचलेलं होतं. पण हात डिमरकडेच गेला.

रोटाला तर रोज सांगत होती. सातच्या सुमारास, दिवा चालू असतानाच, तिची वरची पानं मिटून देठाला चिकटायची. तिचा दिवस संपलेला असायचा. मला तो रोग वाटला आणि मी वर आणखी खत ओतलं.

पुढे डायना वॉलस्टॅड यांच्या पुस्तकातली दुपारची विश्रांती उचलली: दिवा सकाळी, मग काही तास बंद, मग संध्याकाळी. माती घातलेल्या, बाहेरून गॅस न देणाऱ्या टँकमध्ये त्या सुट्टीत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो. माझ्याकडे गॅसचा सिलिंडर! मला ती कल्पना आवडली, कारण चहा आणि जेवण दोन्ही साधत होतं.

शेवटी सहा तासांवर आलो, तरी डिसेंबरात काच हिरवीच. टँक दक्षिणेच्या खिडकीशी. जूनमध्ये भर दुपारचा सूर्य पुण्यात किंचित उत्तरेला असतो, तेव्हा ऊन आत येत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला जेमतेम 48 अंशांवर असतो आणि ऊन थेट काचेवर. टायमरच्या हिशेबात ते धरलेलंच नव्हतं.

सगळ्यात महागात पडला असता तो गॅस. तो दिव्याच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधी बंद व्हायला हवा. दिव्याचा टायमर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर होता, गॅसचा साध्या. दोन्ही खुंट्यांच्या चकतीचे. वीज गेली की चकती जागच्या जागी थांबते. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. दर गुरुवारी गॅसचं घड्याळ मागे पडत गेलं, आणि एका रात्री काळोख्या टँकमध्ये बुडबुडे चालू, निऑन टेट्रा पृष्ठभागाशी तोंडं उघडून धापा टाकताहेत. सिलिंडर बंद केला, हवेचा पंप लावला. मासे वाचले.

आता टायमर बॅटरीचे, डिजिटल. दिवा दुपारी दोन ते रात्री आठ, गॅस एक ते सात, खिडकीला जाड पडदा. शेवाळ आटलं, पण टायमर, खत आणि पडदा असं सगळं एकाच आठवड्यात बदलल्याने कशाने आटलं, ते मला सांगता येत नाही. अनुबियासच्या जुन्या पानांवर काळी दाढी आहेच. ती पानं मी देठापासून कापतो.